लाल दोऱ्याची पुडी

१

तिसरं गीत सुरू व्हायचं होतं. पेटीवर सूर धरला गेला होता, बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले होते, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून केवलरामनं आवाज दिला, "सेक्रेटरी, खुंटीवरच्या माझ्या पिशवीतलं गायनपुस्तक दे बरं."

योगराज खुंट्यांजवळच उभा होता. त्यानं कापडी पिशवीत हात घालून पुस्तक ओढलं, आणि पुस्तकाबरोबर एक पुडी बाहेर येऊन फरशीवर पडली. लाल दोऱ्यानं गच्च बांधलेली प्लास्टिकची पुडी. गोंदिया जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ती ओळखायला चष्मा लागत नाही. खर्रा होता, तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटलेला.

गोरेगावात दुसरीकडे कुठे ती पडली असती, तर चार हात एकदम पुढे आले असते आणि चिमूट चिमूट वाटून संपलीही असती. या लहानशा चर्चमध्ये मात्र माणसं बाकावर मागे सरकली. कारण इथली बहुतेक घरं 'ओझं-वाटणी मंडळा'त होती आणि मंडळाचा पहिलाच नियम होता की दारू नाही, तंबाखू नाही, खर्रा तर नाहीच नाही.

मंडळाचं काम तसं साधं. दर महिन्याला प्रत्येक घरानं आपला ठरलेला वाटा काढायचा. तो कुठल्या कंपनीकडे जात नसे, तिजोरीत पडूनही राहत नसे. ज्या घरात आजारपण आलं त्या घरी तो आपल्या हातानं नेऊन द्यायचा, रुग्णाजवळ बसून प्रार्थना करायची, चहा प्यायचा आणि उठायचं. कोणी कुणाकडे जायचं ते सेक्रेटरी म्हणून योगराज ठरवी. हा विमा नव्हे, इथे कोणी हमी देत नाही, आपण एकमेकांचे आहोत एवढंच, असं तो नव्या माणसाला इतक्या वेळा बजावी की माणूस कंटाळून सभासद होऊन जाई. मंडळात येण्याआधीचा आजार वाटणीत घेत नसत. नियम मोडला तर त्या घराचं आजारपण वर्षभर त्याचं त्यानं पाहायचं.

आणि केवलरामच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. याच महिन्यात ऑपरेशन करा, पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरनं स्पष्ट म्हटलं होतं. सरकारी कार्डातून थोडं भागत होतं, बाकीचं मंडळ उचलणार होतं. सगळं ठरलेलं होतं, ही पुडी पडेपर्यंत.

योगराजनं ती दोन बोटांत धरली, हात लांब केला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि श्वास रोखून तिला एका लिफाफ्यात टाकलं. लिफाफा चिकटवून चर्चच्या कपाटात गेला. पाळकसाहेबांनी घसा खाकरून सांगितलं की याचा निकाल पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर होईल.

केवलरामशेजारी बसलेला लखन हळूच म्हणाला, "केवलरामभाऊ, माही नाई म्हना ना. एकदा म्हनून त टाका."

 केवलरामनं मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले आणि मान खाली घातली.

२

दुसऱ्या दिवशी केवलरामची बायको दुर्पता भोजराजच्या दारात उभी होती. हातात तीच कापडी पिशवी होती आणि पिशवीत नवे तांदूळ. कुणाकडे काम घेऊन जायचं तर मोकळ्या हातानं जायचं नाही, हा दुर्पताचा शिरस्ता.

भोजराज एसटीत तिकीट-तपासनीस होता. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण अजूनही तो रस्त्यात बसमधून उतरला की मागचे चार प्रवासी उगाच खिसे चाचपत. गर्दीनं फुगलेल्या बसमध्ये चढून बिनतिकिटाचा माणूस तो तिकीट न मागता ओळखी. चोर खिडकीबाहेर पाहतो, आणि ज्याचं तिकीट हरवलंय तो पायाखाली पाहतो, एवढंच त्याचं शास्त्र. काल चर्चमध्ये केवलराम कुठे पाहत होता हे त्याला आठवत होतं, आणि ते त्याच्या शास्त्रात बसत नव्हतं. केवलराम लिफाफ्याकडे पाहत होता. तो नीट चिकटवला जातोय ना, असं पाहावं तसा.

"भाऊ, तुमी आयुष्यभर लोकायले पकडलं," दुर्पता उंबऱ्यातच म्हणाली. "आता माह्या मानसाले सोडवा. त्यायनं कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाई. कोन्या मेल्यानं ती पुडी टाकली ते शोधून द्या."

तिला खाली बसवून भोजराजच्या बायकोनं, कुंदाबाईनं, पाणी दिलं. मग दुर्पता पुष्कळ बोलली. केवलराम घरी आल्यापासून मोकळेपणानं बोलत नाही, औषधाच्या गोळ्याही नको म्हणतो, विचारलं तर म्हणतो होईल ते होईल. रागावतही नाही. याच माणसानं नागझिऱ्याच्या जंगलात गाईड म्हणून इतकी वर्षं काढली आणि जिप्सीत बसल्या बसल्या चर्चची गीतं गुणगुणून पर्यटकांच्या शिव्या खाल्ल्या, वाघ पळून जाईल म्हणून. अख्खं गायनपुस्तक त्याला तोंडपाठ. एवढं सांगून तिनं डोळे पुसले, तांदूळ कुंदाबाईच्या सुपात ओतले आणि पिशवी झटकून घडी घातली.

त्या दुपारी कुंदाबाईनं तोच भात केला. भोजराज दोनदा वाढून घेऊन जेवला. "नव्या तांदळाचा वास पाय, कसा घरभर झाला," कुंदाबाई म्हणाली, आणि त्यानं मान डोलावली. त्या वेळी त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ज्याला सगळी गीतं पाठ आहेत, त्याला पुस्तक कशाला हवं होतं?

३

पहिली गाठ सेक्रेटरीची घेतली. योगराज शाळेत क्लार्क होता आणि मंडळाच्या नियमांवर त्याची इतकी भक्ती होती की कुंदाबाई त्याला पाठीमागे, बायबलात देवाचे नियम आणणाऱ्या मोशेवरून, 'लहान मोशे' म्हणे. भोजराजला पाहून तो आधीच वैतागला. पुडी मी टाकली असं लोकांना वाटतं का, हाच त्याचा पहिला प्रश्न.

लोकांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्याला कारणही होतं. या महिन्यात मंडळापुढे दोन मोठी आजारपणं एकदम आली होती. एक केवलरामची झडप. दुसरं खुशबूचं बाळ. खुशबू आणि तिचा नवरा हिमांशु गोंदियात राहत. त्यांचं लेकरू दिवस भरण्याआधीच जन्मलं, ओंजळीत मावेल एवढं, आणि ते काचेच्या पेटीत होतं. दोन्ही खर्च मिळून मंडळाच्या वाट्यांच्या बाहेर जात होते. यातलं एक नाव गळालं तर सेक्रेटरीचं गणित आपोआप सुटत होतं.

"मले गनित सोडवाचं असतं त मी नियम कायले लिवले असते?" योगराज म्हणाला. "कमी पडलं त दोघायलेही त्याच प्रमानात कमी जाते. उरलेलं ज्याचं त्याच्या डोक्शावर. हे नियमातच हाय. मागच्या हप्त्यातल्या प्रार्थनेत केवलरामभाऊनं विचारलं तवा त्यायलेही हेच सांगितलं."

"केवलरामनं विचारलं?"

"हाव. म्हने, दोघायचं एका टायमाले आलं त कसं करता. मी सांगितलं, ते बरं म्हनले अन् बसले."

भोजराजनं पुढचा प्रश्न पुडीचा विचारला. ती हातात धरली तेव्हा काही लक्षात आलं का? योगराज ओशाळला. मंडळात येण्याआधी तो रोज तीन खर्रे खात असे, हे गावाला माहीत होतं. म्हणूनच काल त्यानं श्वास रोखला होता. वास नाकात गेला असता तर उपासनेतच तोंडाला पाणी सुटलं असतं, असं त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. या कबुलीवर भोजराजला त्याची जराशी मायाच आली.

मग लखन. लखनचं गॅरेज होतं आणि मंडळावर त्याचा राग होता. मागच्या वर्षी त्याचा मुतखडा निघाला तेव्हा योगराजनं नियम दाखवला की हा खडा मंडळात येण्याआधीचा आहे. लखननं आपली मोटारसायकल विकून खडा काढला. काल तो केवलरामच्या शेजारी बसला होता, आणि उपासनेआधी खुंटीजवळ घुटमळतानाही दोघा-तिघांनी त्याला पाहिलं होतं.

"घुटमळत होतो, कारन माही टोपी तिथं होती," तो पान्हा ठेवून म्हणाला. "चेकरसाहेब, राग हाय मले. योगराजवर हाय. त्या म्हाताऱ्यावर कायले काढू? मी दवाखान्यात होतो तवा मंडळाचं कोनी पैसे घेऊन आलं नाई, पन केवलरामभाऊ आला होता. रोज आला. डबा घेऊन बसून राहे."

भोजराजला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. पण विश्वास ठेवून तिकीट तपासता येत नाही. पुडी तर पिशवीतच होती, आणि ती तिथे कोणीतरी ठेवली होती.

४

केवलरामचं गाव नागझिऱ्याच्या वाटेवर. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये गुरं सोडलेली. भोजराज बसमधून उतरला तेव्हा केवलराम घरी नव्हता. तलावाच्या पाळीवर बसला असेल, हल्ली तिथंच बसतो, असं त्याच्या सुनेनं सांगितलं.

सून म्हणजे भाग्यश्री. नवरा कामाला सुरतेत, त्यामुळे सासूसासऱ्यांचं सगळं तिच्याकडे. रविवारची पिशवी तिनंच भरली होती. गावात कुजबुज होती ती तिच्याबद्दलच, कारण तिचं माहेर मुर्रीचं आणि बापाचा पानठेला. पुडी सुनेच्या माहेरची असेल, नवऱ्यासाठी आणलेली चुकून पिशवीत गेली असेल, असं बायका म्हणत होत्या.

तिनं ते ऐकलेलं दिसत होतं. भोजराजनं विचारायच्या आधीच ती बोलू लागली, आणि हात चुलीवरच्या भाकरीवर तसेच चालू ठेवले.

"काका, मी बापाच्या ठेल्यावर लहानपनापासून खर्रा घोटला. मले फसवाचंच असतं त अशी पुडी कायले ठेवली असती? खर्रा पिशवीत घंटाभर राह्यला तरी अख्खी पिशवी वास मारते. धुतली तरी चार धुन्यात जात नाई. आमच्या बापाचे शर्ट अजून मारतात."

"पिशवी भरल्यावर कोणाच्या हातात होती?"

"कोनाच्याच नाई. पिशवी मी शनिवारी संध्याकाळीच भरून खुंटीले टांगली. मंग कोनी हात लावला नाई. सकाळी मामाजीनं सोताच खांद्याले अडकवली."

 भोजराजच्या नाकात एकाएकी नव्या तांदळाचा वास आला होता. इथला नव्हे, सोमवारच्या दुपारचा. त्याच पिशवीतून आलेले तांदूळ, त्याच तांदळाचा भात, दोनदा वाढून घेतलेला. त्याला तंबाखूचा वास नव्हता. इतकुसाही नव्हता.

"पोरी," तो उठत म्हणाला, "तुह्या बापाच्या ठेल्यावर पुडीले काय बांधतात?"

"रबर. सारेच रबर लावतात. दोरा लावनारा गोरेगावात एकच हाय, स्टँडवरचा नंदलाल." तिनं मान वर केली. "काऊन? काय झालं, काका?"

भोजराजनं डोक्याला हात लावला. आयुष्यभर ज्यानं लोकांची तिकिटं उलटसुलट करून पाहिली, त्यानं या खेपेला तिकीटच पाहिलं नव्हतं. त्यानं नाही, योगराजनं नाही, पाळकसाहेबांनी नाही. खर्रा सोडलेल्यांचं चर्च ते. सगळ्यांनी पुडी पाहिली, सगळे मागे सरकले, आणि ती उघडून पाहायचं धाडस एकालाही झालं नाही.

५

गोरेगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत भोजराजनं मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

पुडीत तंबाखू नव्हता, हे त्यानं धरून चाललं. मग ती ठेवणारा कोण? केवलरामला बदनाम करायचं म्हणून लखननं ठेवली असती तर त्यानं कडक तंबाखूचा खर्रा आणला असता, कारण मंडळात येईपर्यंत तो स्वतः खात होता. योगराज तर तीन खर्रेवाला. भाग्यश्री ठेल्यावर वाढलेली, ती डोळे मिटून सांगेल पुडीत काय आहे. या तिघांपैकी कोणाच्याही हातात बिनतंबाखूची पुडी आली असती, तर त्यांनी ती दुकानदाराच्या तोंडावर मारली असती. फसवलं गेलं आहे हे ज्याला कळलंच नाही, असा माणूस हवा. ज्यानं जन्मात खर्रा हातात धरला नाही असा. त्या घरात अशी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक तर तांदूळ घेऊन त्याच्याकडे रडत आलं होतं.

नंदलाल ठेल्यावर सुपारी कातरत होता. भोजराजनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"केवलराम बाजाराच्या दिवशी तुझ्याकडे येऊन गेला ना?"

नंदलालचा अडकित्ता थांबला. तो मंडळातला नव्हता, चर्चमधलाही नव्हता. पण केवलरामच्या गावचा होता, आणि पोरवयात त्याच्यामागे जंगलात मोहफुलं वेचत फिरला होता.

"आले होते," तो शेवटी म्हणाला. "खर्रा दे म्हनले. मी इचारलं, कोनता? त म्हने, चांगला दे. चेकरसाहेब, खानारा मानूस कधी 'चांगला दे' म्हनते? मले वाटलं कोनासाठी तरी नेऊन राह्यले. पन सोताच तोंडात टाकला त? अन् त्यायचं ऑपरेशन हाय हे साऱ्या गावाले मालूम. अशा मानसाले तंबाखू कसा देऊ मी? सुपारी घेतली, चुना लावला, वरून इलायची टाकली, घोटून दिली. पैसे द्यायले लागले, ते बी घेतले, नाई त त्यायले शंका आली असती."

भोजराज ठेल्याला टेकून उभा राहिला. समोर नागपूरची गाडी लागली होती, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. चोर सापडला होता, आणि तो सापडल्याचा त्याला अजिबात आनंद झाला नाही.

६

तलावाच्या पाळीवर केवलराम एकटाच बसला होता. पाणी खाली गेलं होतं आणि पलीकडच्या काठावर बगळे होते. भोजराज येऊन शेजारी बसला तरी त्यानं मान वळवली नाही.

"पुडीत तंबाखू नाई," भोजराज म्हणाला. "नंदलालनं टाकलाच नाई."

 केवलरामला हसू आलं, आणि हसता हसता धाप लागली. भोजराजनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कापडाआडून बरगड्या हाताला लागत होत्या.

"मले वाटलंच, एवढ्या स्वस्तात कसा आला," केवलराम म्हणाला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं सगळं सांगितलं. दोघांचं एकदम आलं तर दोघांनाही कमी जाणार, हे योगराजच्या तोंडून ऐकलं, तेव्हाच त्यानं ठरवलं होतं. मी मागे सरतो असं सरळ म्हटलं असतं तर मंडळानं ऐकलं नसतं, दुर्पतानं तर घर डोक्यावर घेतलं असतं. नियमानंच बाहेर काढलं तर कुणाला बोलायला जागा राहणार नाही. आणि नियमाचा पक्का माणूस योगराज. म्हणून पुस्तक त्यालाच काढायला सांगितलं.

"खुशबूचं लेकरू पाह्यलं मी काचेतून," तो म्हणाला. "मुठी आवळून पडलं होतं. माहं काय, मी पाह्यलं सारं. जंगल पाह्यलं, वाघ पाह्यले, सून आली घरात. त्यानं अजून मायचं दूध नाई पेलं, भोजराज."

भोजराजला राग आला. खरा राग, डोळ्यांत पाणी आणणारा.

"एसटीत मी बिनतिकिटाचे हजार पकडले," तो म्हणाला. "पन तिकीट हातात असून मधातच उतरनारा तू पयला. तुले कोनं सांगितलं उतराले? तुहं ओझं उचलाचं आमी कबूल केलं होतं. ते आमचं होतं. तू आमच्या घरातून चोरून नेलं. दुर्पतावहिनी तांदूळ घेऊन माह्या दारात रडत होती, त्याचं काय?"

 दुर्पताचं नाव निघाल्यावर केवलरामची हनुवटी हलायला लागली. पंच्यानं तोंड पुसून तो एवढंच म्हणाला की काय करायचं ते कर, पण खुशबूला हे कळू देऊ नको. उद्या लेकरू मोठं झालं तर त्या पोरीनं त्याच्याकडे पाहताना माझं ऑपरेशन आठवू नये.

भोजराजनं वचन दिलं नाही. दिलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं, आणि चर्चमध्ये खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

७

रविवारी उपासनेनंतर कोणी हललं नाही. दुर्पता पुढच्या बाकावर बसली होती, भाग्यश्री तिच्याजवळ. केवलराम मागेच, लखनशेजारी. खुशबू दवाखान्यात बाळाजवळ होती, हिमांशु तेवढा गोंदियाहून आला होता. योगराजनं कपाटातून लिफाफा आणून टेबलावर ठेवला आणि पुन्हा श्वास रोखला.

भोजराज उठला. त्यानं लिफाफा फाडला, पुडी काढली आणि लाल दोरा सोडला. मागच्या रविवारसारखीच माणसं मागे सरकली. तो सरळ लखनकडे गेला. "वास घे."

लखननं नाक पुढे केलं, मग कपाळाला आठ्या पाडून आणखी पुढे केलं. बोटावर चिमूटभर घेऊन पाहिलं. "हे त नुसती सुपारी हाय," तो म्हणाला. "इलायची हाय वरून."

"सेक्रेटरी, तू घे."

योगराज घाबरत घाबरत वाकला. मग त्यानं भला मोठा श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला की खुलला हे सांगणं अवघड होतं. तंबाखू नव्हता.

"नियम तंबाखूचा हाय," भोजराज म्हणाला. "त्या नियमात सुपारी नाई. म्हनजे कोनी नियम मोडला नाई. पुडी कोनी ठेवली ते मले मालूम हाय, कायले ठेवली तेही मालूम हाय. ते मी सांगनार नाई. कोनाचं वाईट करासाठी ठेवली नव्हती, एवढं सांगतो. पाळकसाहेब, माहं झालं."

दुर्पता मागे वळून नवऱ्याकडे पाहू लागली. ती चाळीस वर्षांची ओळख होती, तिला बाकीचं कोणी सांगायची गरज नव्हती. तिचे डोळे आधी मोठे झाले, मग भरले, आणि घरी गेल्यावर केवलरामची खैर नाही हे सगळ्या चर्चला दिसलं.

पण योगराज तसाच टेबलाजवळ उभा होता. नियमांचा भक्त असला तरी तो मूर्ख नव्हता. त्याला प्रार्थनेतला तो प्रश्न आठवला होता. दोघायचं एका टायमाले आलं त कसं करता. त्यानं चष्मा काढला, पुसला, तरी त्याला नीट दिसेना.

"दोन्ही नावं मंडळात हायेत," तो म्हणाला. "दोघायलेही कमी जाईल, हे नियमात हाय. पन जास्त देऊ नका असं नियमात कुठं नाई. मी रोज तीन खर्रे खात होतो. ते सोडल्यापासून ते पैसे कुठं गेले मले मालूम नाई. आजपासून दोन्ही दवाखाने मोकळे होईपर्यंत ते तीन खर्रे माह्याकडून, रोज, वाट्याच्या वर."

 मग मागून लखनचा खरखरीत आवाज आला. "माहे दोन होते. लिवून घे. माह्या खड्याले दिले नाई तुमी, ते मी इसरलो नाई. तरी लिवून घे."

त्यानंतर एकेक हात वर होऊ लागला. या चर्चमध्ये कोण एकेकाळी किती खर्रे खात होतं, हे त्या दिवशी बायकांना पहिल्यांदा कळलं, आणि दोन-तीन घरांत त्यावरून संध्याकाळी भांडणही झालं. हिमांशुला मंडळाला एवढं भरून का आलं ते समजलं नाही. तो फक्त हात जोडून बसून राहिला.

केवलरामनं कोणाकडेच पाहिलं नाही. त्याला आता खरोखरच पायाखाली पाहण्यावाचून जागा उरली नव्हती.

नागपूरला जायच्या आदल्या सकाळी भोजराज त्याच्या घरी गेला. अंगणात खाटेवर केवलराम बसला होता, शेजारी बांधून ठेवलेली पिशवी. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली आणि हिमांशु उतरला. मंडळाचा आणखी एक नियम होता, जो केवलराम आपल्या हुशारीत विसरला होता. घरात आजारपण असलं तरी त्या महिन्याचा आपला वाटा चुकवायचा नाही. आणि हिमांशुचा वाटा कुणाकडे पाठवायचा, ते योगराजनं ठरवलं होतं.

हिमांशुनं पायातल्या चपला काढल्या. बाळानं काल पहिल्यांदा स्वतःहून दूध ओढलं, डॉक्टर म्हणाले आता भीती नाही, असं त्यानं आधी सांगितलं. मग खिशातून पाकीट काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं. "मामा, ये हमारा वाटा. खुशबूनं सांगितलंय, तुमच्याच हातात द्यायचं, अन् प्रार्थना करूनच उठायचं."

केवलरामनं भोजराजकडे पाहिलं. भोजराज खिडकीबाहेर पाहावं तसा रस्त्याकडे पाहत होता.

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले. पाकीट घेतलं, छातीशी धरलं, आणि हिमांशुला खाटेवर आपल्या जवळ बसवून घेतलं.

"दुर्पता," त्यानं आत आवाज दिला, "चाय मांड वं. पाव्हना आला, वाटा घेऊन आला."

"मांडून राह्यली," आतून दुर्पता म्हणाली. "तुमच्या गोळ्या आधी घ्या."

आणि केवलरामनं मुकाट्यानं गोळ्या घेतल्या.